एकच गोळी, दोन नावं

संत्र्याच्या सालीचा वास आला की बाबांच्या आजारपणातला एक दिवस आठवतो. बाबा कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे अडते होते. सारखी चक्कर येऊ लागली आणि त्यांचं बाजारात जाणं बंद झालं. हृदयाच्या आणि किडनीच्या, दोन्ही मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. शेवटी आई त्यांना इतवारीतल्या आमच्या साध्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी सगळी औषधं टेबलावर मांडली आणि हसले. "दोघंही हुशार आहेत गा, पण बीपीची एकच गोळी दोघांनी दिली. नावं तेवढी येगळी. म्हणून तुमचं बीपी खाली जाऊन राहिलं." आई बाहेर येऊन पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून मोकळेपणी रडली. आज मी फक्त डोळे तपासतो, पण आधी विचारतो, "काका, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?"