चौथ्या माळेचं पाणी

देवीच्या कृपेविषयी लिहिणाऱ्याची श्रद्धा पक्की असावी, असं मला वाटतं. माझी तशी नव्हती. ज्या वर्षी हे घडलं त्या वर्षी मी देवीपुढं बसलो तो भक्तीनं कमी आणि भीतीनं जास्त. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. आजही लिहिताना हात जड होतो.

आम्ही जिंतूरकडचे. थोडी कोरडवाहू जमीन, आणि बाकी पोट मेंढरांवर. मेंढरं कातरायची म्हणजे दिवसभर कमरेत वाकून बसावं लागतं. तिशीतच माझी कंबर धरायला लागली. दुकानात अंगदुखीची गोळी मिळायची. चहाबरोबर एक घेतली की कातर पुन्हा चालायची. आधी ती कातरणीपुरती होती, पुढं रोजची झाली. सगळेच घेत होते, त्यामुळं त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नाही. मग रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठावं लागू लागलं, अंगातलं रक्त कमी झालं, अन्नाचा वास नको झाला. शेवटी परभणीच्या दवाखान्यात भरती व्हावं लागलं, आणि तेही ऐन नवरात्रात.

तिथल्या डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. मूत्रपिंडात रक्त गाळलं जातं, आणि गाळलेलं पाणी पुढं बारीक बारीक नळ्यांतून जातं. शरीराला लागणारं पाणी आणि क्षार या नळ्या परत ओढून घेतात आणि नको तेवढंच बाहेर सोडतात. माझ्या या नळ्याच खराब झाल्या होत्या. गोळ्यांनी त्या आतून जळत गेल्या आणि जळलेल्या जागी व्रण धरले. "व्रण धरलेली जागा पुन्हा कामाला लागत नाही," ते म्हणाले. "उरलंय ते सांभाळायचं. ती गोळी बंद. आणि तुम्ही तहानलेलं राहायचं नाही. तुमच्या नळ्यांना पाणी धरून ठेवता येत नाही. तुम्ही प्या न प्या, ते जातच राहणार." मला आमच्याकडच्या कालव्याच्या चाऱ्या आठवल्या. अस्तर फुटलं की पाणी वाहतं, पण शेताला लागत नाही. एवढं मला समजलं होतं. समजूनही पुढं मी जे केलं, ते अडाणीपणाच्या नावावर खपवता येत नाही.

आमच्या घरात घटी बसण्याची रीत आहे. घरातल्या कर्त्या पुरुषानं नऊ दिवस घटाजवळ बसायचं, उंबरा ओलांडून दूर जायचं नाही, संध्याकाळच्या आरतीनंतर वाटीभर दूध घ्यायचं, आणि पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. वडील अखेरपर्यंत बसले. त्यांच्यामागं ते माझ्याकडं आलं. मी दवाखान्यात होतो त्या वर्षी गिरिजा, माझी पत्नी, माझ्या उशाशी होती आणि धाकटा भाऊ मेंढरं घेऊन लांब गेला होता. घराला कुलूप राहिलं. घट बसलाच नाही. घरी आल्यावर चुलती एवढंच म्हणाली, "घट चुकला रं बाबा." पुढच्या तपासणीत आजार वाढलेला निघाला. आजार घट चुकण्याच्या आधीचा आहे, हे मला कळत होतं. पण अपराधी मनाला आधी काय आणि नंतर काय हे उमगत नाही. घरात मी आता ओझं होतो. भावावर सगळ्या कळपाचा भार, गिरिजा दुसऱ्यांच्या कापसात रोजानं. हे सगळं माझ्या एका चुकीनं झालं, असं मी मनाशी धरून बसलो, आणि पुढच्या नवरात्रात वडिलांसारखंच, काही न सोडता घटी बसायचं ठरवलं.

गिरिजानं पहिल्याच दिवशी हटकलं. "डाक्टरनं काय सांगितलंय, ध्यानात हाय का?"

"डाक्टरपेक्षा आई मोठी हाय."

"मोठी हायच की. पर पानी पिऊ नको म्हनून तिनं कवा सांगितलं? तिचा निरोप एकट्या तुमच्याकडंच येतो का?"

"तू लय बोलायलीस."

"बोलायलीय, कारन कपाळ माझं हाय," ती म्हणाली आणि कापसाची झोळी कमरेला बांधून निघून गेली.

पुढचं सांगताना मला आजही लाज वाटते. ते दिवस फार उन्हाचे होते. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटू लागली. पण लघवी होतच होती, भरपूर आणि पाण्यासारखी स्वच्छ. पाणी पोटात नसताना ती कुठून येते, याचं मला नवल वाटलं, आणि मी त्याचा अर्थ लावला, की आई पावली. मूत्रपिंडं धुऊन निघायला लागली. डॉक्टरांनी ज्याची भीती घातली होती, नेमकी तीच खूण मी कृपा म्हणून कपाळाला लावली. तिसऱ्या माळेला पोटऱ्यांत गोळे यायला लागले, तेही मी परीक्षा म्हणून सोसले. आतला माणूस सुकत चालला होता आणि मी हात जोडून आभार मानत होतो.

चौथ्या माळेला दुपारी घरात कोणी नव्हतं. गल्लीत संबळ नव्हता की झांज नव्हती, नुसता एक थकलेला आवाज आला, "जोगवा वाढा, आई." आमच्याकडं नवरात्रात आराधिणी येत, पण विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणानंतर गावागावांत दोन तट पडले होते. खालच्या वस्तीकडून कोणी वर यायचं बंद झालं होतं आणि आम्हीही कोणी गेलो नव्हतो. मी सुपात ज्वारी घेऊन दारात गेलो. अंगणाच्या कडेला एक म्हातारी उभी होती. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, पायांना धूळ. ती कुठल्या वस्तीतली असावी हे तिच्या उभं राहण्यावरूनच माझ्या लक्षात आलं. अशा गोष्टी लक्षात यायची आम्हाला लहानपणापासूनची सवय.

"का रं लेका, तोंड का असं राखंवानी झालंय?"

"घटी बसलोय, मावशी. पानी घेत न्हाई."

"आन घटाला पानी घालतूस का न्हाई?"

"घालतो की. रोज."

"मातीला पाजायलास आन मानसाला मारायलास व्हय? कुन्या शहाण्यानं शिकवलं तुला?"

मला हसू आलं असतं, पण त्याआधीच डोळ्यांपुढं अंधार आला. ज्वारी कुठं सांडली ते कळलं नाही. भानावर आलो तेव्हा मी ओसरीवर आडवा होतो आणि ती वर आली होती. बाजूलाच आमचा रांजण होता. तिचा हात रांजणाकडं गेला आणि तसाच मागं आला. एक माणूस पुढ्यात मरायला टेकला असताना तिला आमच्या रांजणाला शिवायची भीती वाटली. ती भीती आम्हीच तिच्या हाताला शिकवली होती. मग तिनं आपल्या झोळीतून एक पोचे पडलेला गडू काढून माझ्या तोंडाशी धरला. आणि मी, ज्याला बोट उचलायचं त्राण नव्हतं, त्या मीही तोंड फिरवलं. व्रत मोडेल म्हणून फिरवलं की गडू तिचा होता म्हणून, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं.

तिनं ते पाहिलं. रागावली नाही. "पितूस का जातूस?" एवढंच विचारलं. बाजारात भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात.

मी प्यालो. पाणी कोमट होतं, त्याला पितळेचा वास होता. ती थांबून थांबून पाजत राहिली. मग गल्लीत जाऊन हाका मारत राहिली. शेजारी आले, कोणीतरी गिरिजाला शेतातून बोलावलं, बैलगाडीनं रस्त्यावर आणि तिथून एसटीनं मला परभणीला नेलं. या धावपळीत म्हातारी निघून गेली. तिचा जोगवा अंगणातच सांडलेला होता.

सलाइन लागलं. दोन-तीन दिवसांनी डॉक्टर खाटेवर बसले. "ते पाणी पोटात गेलं म्हणून इथवर पोचलात," ते म्हणाले. "पण होतं त्यातलं बरंचसं तुम्ही वाळवलंत. ते परत येणार नाही." गिरिजा भिंतीकडं तोंड करून उभी होती. मला बोलली असती तर बरं वाटलं असतं.

बरा झाल्यावर मी त्या म्हातारीचा शोध घेतला. खालच्या वस्तीत पहिल्यांदाच गेलो. तिथं तिला कोणी ओळखत नव्हतं. देवगाव फाट्यावर, बाजाराच्या दिवशी, येणाऱ्या-जाणाऱ्या आराधिणींना विचारलं. पत्ता लागला नाही. ती देवी होती असं मी म्हणत नाही. दमलेली, उन्हातून चालून आलेली बाई होती, आणि स्वतःजवळचं पाणी तिनं मला दिलं. माझ्यापुरतं एवढंच खरं आहे, की चार दिवस ज्या आईची वाट पाहत मी दार लावून बसलो होतो, ती त्या वेळी अंगणाच्या कडेला उभी होती आणि मी तिच्यापासूनही तोंड फिरवलं होतं.

त्या खाटेवर पडून मला एक समजलं. माझं व्रत म्हणजे सौदा होता. मी देह वाळवीन, तू मला अपराधातून सोडव. शरण गेलेला माणूस असं काही मांडून ठेवत नाही. तो पुढ्यात आलेलं घेतो, ज्या हातानं आलं त्या हातातून घेतो. मला हे कळायला मूत्रपिंडांचा मोठा भाग द्यावा लागला. आता भाऊ घटी बसतो, आणि मी त्याच्याशेजारी बसून जपाच्या मधे मधे पाणी पितो. नातलगांना ते खटकतं.

आजार थांबलेला नाही. मागच्या खेपेला डॉक्टरांनी पहिल्यांदा औरंगाबादचं नाव काढलं. रक्त यंत्रातून काढून धुवायची सोय तिथंच आहे, आणि ती आमच्या आवाक्यातली नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. घरी येऊन मी गिरिजाला जसंच्या तसं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पुन्हा आत सारलं. 

"किती दिस म्हनले?"

"तसं काही म्हनले न्हाईत."

"मग भाकरी टाकू का?"

"टाक," मी म्हणालो.

ती पीठ मळायला बसली. मी हात धुतले, देवापुढं डोकं टेकवलं. मागायला काही सुचलं नाही. आई, जेवढं ठेवलंस तेवढ्यासाठी तुझे उपकार, एवढंच मनात आलं, आणि मी पहिल्या भाकरीची वाट पाहत गिरिजाजवळ जाऊन बसलो.