तावडेमावशींचा मास्क

टीबीच्या रोग्याकडे जाताना माणूस तोंडावर मास्क चढवतो. तावडेमावशी दारापर्यंत आल्या की होता तो मास्क काढून पर्समध्ये टाकायच्या. मग पदराने कपाळ टिपायच्या आणि गावच्या नातलगाकडे आल्यासारखी आत हाक मारायच्या, "काय गो, चहा ठेवलास की नाय?"

मी तेव्हा परळच्या एका कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकत होते. परदेशातल्या एका विद्यापीठाबरोबर आमच्या विभागाचा संशोधन प्रकल्प चालू होता. औषधांना दाद न देणारा टीबी एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो, हे नायगावच्या चाळींत फिरून बघायचं. मावशी प्रकल्पाच्या आरोग्यसेविका. वय पन्नाशीचं, राहायला लालबाग, नवरा वारलेला, सायली नावाची एक मुलगी. त्या रोग्याशी बोलायच्या आणि मी फॉर्म भरायचे. मी गिरगावातली, घरात सगळे कारकून, नायगावच्या त्या बी.डी.डी. चाळींत तोवर पाऊलही टाकलं नव्हतं. आव मात्र असा की जगातला टीबी मीच संपवणार आहे.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. चाळीत मधून लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, दिवसभर दारं सताड उघडी. मी जाडा मास्क लावून, गळ्यात ओळखपत्र लटकवून सगळ्यांच्या देखत चालत गेले आणि एका खोलीत शिरले. त्या घरातली सून आजारी होती आणि पोटासाठी शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. पुढच्या आठवड्यात गेलो तर दाराला कडी. आतून ती म्हणाली, "आमच्याकडे कुणी आजारी नाहीये." शिकवणीला पोरं यायची बंद झाली होती आणि तिने गोळ्याही सोडल्या होत्या. मावशी पुढे तीन आठवडे एकट्याच जात राहिल्या, तेव्हा कुठे ते दार उघडलं.

कडी लागलेली दिसली त्याच दिवशी जिन्यात त्यांनी मला थांबवलं होतं. "अगो बाय माझे, तू तोंड झाकून आलीस म्हणजे अख्ख्या चाळीत दवंडी पिटलीस. रोग आपण काढू गो, बोभाटा कोण काढणार?"

मी म्हटलं, "मग आत गेल्यावर दार लावून मास्क घालू या ना."

"दिवसाढवळ्या दार लावलंस तर लोक जास्तच कान देतील. कोविडात बरं होतं बघ. सगळ्यांचीच तोंडं झाकलेली, कोणाकडे काय आहे कळायचं नाय."

मग आमची वाटणी ठरली. मावशी आत रोग्याच्या शेजारी खाटेवर बसणार, आणि मी उंबऱ्याबाहेर उभी राहून शेजारणीशी बोलल्यासारखं करत फॉर्म भरणार. आत त्यांचं सुरू व्हायचं. "आ कर. जीभ वर कर. गेली गोळी? शाबास. उलटी झाली तर माका फोन कर, शिव्या घाल, काय वाटेल ते कर, पण गोळीला दांडी मारायची नाय." तापट म्हाताऱ्यांनाही त्या असंच दटावायच्या आणि ते निमूटपणे आ करायचे. मुलगी लग्नाची असली तर त्या तिच्या आईला सांगायच्या, "कोणी विचारलं तर सांग, तावडेबाई रक्तदाब तपासायला येते." त्यासाठी पट्ट्याचं एक बंद पडलेलं मशीनही त्या पिशवीत घेऊन फिरायच्या.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता. सेविकेने मास्क वापरला का? पहिल्यांदा मी तिथे अडले. "होय लिही," मावशी म्हणाल्या. "नाय लिहिलंस तर माका घरी बसवतील. मगे ह्यांच्याकडे कोण येणार, तुझे सायब?" मी होय लिहिलं. पुढे विचारायचीही गरज उरली नाही, हात आपोआप लिहायचा.

आता लपवून काय करू, ते मलाही सोयीचंच होतं. आमच्यातल्या एका विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देऊन त्या परदेशी विद्यापीठात दोन वर्षं पाठवणार होते. ज्याचं काम चोख, त्याला ती जागा. माझे फॉर्म इतके चोख होते की आमचे प्रकल्पप्रमुख सर ते इतरांना नमुना म्हणून दाखवायचे. मला ती जागा हवी होती. दुसरं काही सुचत नव्हतं इतकी हवी होती.

जागा मला मिळाली. त्याच महिन्यात मावशींना खोकला लागला. "धुळीचा आहे गो, बाजूची चाळ पाडतायत ना," म्हणत त्यांनी तो अंगावर काढला. शेवटी मी हाताला धरून तपासायला नेलं. टीबी निघाला, आणि तोही आम्ही शोधत फिरत होतो तोच, औषधांना दाद न देणारा.

कामामुळे आजार झाला असेल तर उपचार संपेपर्यंत प्रकल्प पगार देणार, असा नियम होता. त्यासाठी बैठक बसली. टेबलावर माझ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. एक बाई चष्मा वर करत म्हणाल्या, "प्रत्येक भेटीत मास्क वापरलाय. मग हा संसर्ग कामातून झाला असं कसं म्हणायचं?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. "फॉर्म तूच भरलेस ना? बरोबर आहेत ना सगळे?"

मी म्हटलं, "हो सर."

पगार नाकारला गेला, आणि मावशींचं कॉन्ट्रॅक्टही पुढे वाढवलं नाही.

निघण्याआधी मी लालबागला गेले. सायली गॅसपाशी उभी होती. मावशी खिडकीजवळ बसल्या होत्या. गोळ्यांनी चेहरा काळवंडला होता. मी रडायला लागले तशा त्या खेकसल्या, "गप गो. होय लिही म्हणून मीच सांगितलं ना? आता खरं बोललीस तर तुझी जागा जाईल आणि खोटं लिहायला लावलं म्हणून माकाच धरतील. जा तू. शिकून ये." मी एकदा तरी म्हटलं का, की नाही मावशी, मी जाऊन सांगते? नाही म्हटलं. मला तेच ऐकायचं होतं, आणि ते ऐकून मी घरी येऊन बॅग भरली.

तिकडे गेल्यावर मी एका परिषदेत चाळीतल्या मास्कवर निबंध वाचला. उघडी दारं, बोभाट्याची भीती, दाराशी मास्क काढणारी सेविका, सगळं खरंखरं सांगितलं. फक्त नाव सांगितलं नाही. लोक उठून भेटायला आले, एका प्राध्यापकांनी पाठ थोपटली. परळच्या त्या बैठकीत जे तोंडातून निघालं नाही, ते मी तिथे कौतुकासाठी सांगितलं. लाज वाटते आज लिहितानासुद्धा.

इकडे मावशी हिंदमाताच्या दुकानांतून साड्या आणून घरी फॉल लावत होत्या. त्या गोळ्यांनी बोटं बधिर व्हायची, सुई धरवायची नाही. मग लग्नसराईत जास्त साड्या आल्या की त्या गोळी चुकवायच्या. साऱ्या नायगावला दांडी मारू न देणारी बाई! फोनवर मला म्हणायच्या, "मी मस्त आहे. तू जेवतेस ना वेळेवर?" मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. एके दिवशी वर्गात बसले असताना सायलीचा मेसेज आला, आई सकाळी गेली.

त्याच आठवड्यात मी सरांना सगळं खरं लिहून कळवलं. उत्तर आलं, प्रकल्प संपला आहे, ते प्रकरण आता बंद झालं आहे.

परत आल्यावर आधी लालबागला गेले. सायलीसमोर बसून सगळं सांगितलं. होय कुणी लिहिलं, बैठकीत काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. वाटलं होतं, ती मला हाकलून देईल. मला ते चाललं असतं. तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"मला ठाऊक होतं ताई," ती म्हणाली. "आईने तेव्हाच सांगितलं होतं. तुम्हाला फोन करून खरं सांगायला लावेन म्हणाले, तर तिने स्वतःची शपथ घातली. म्हणाली, पोरीचं शिक्षण मोडेल, तिला काही बोलायचं नाही."

मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मी ऐकलं तिचं," सायली म्हणाली. "ऐकायला नको होतं. शपथ मोडून फोन केला असता तर ती असती ना, ताई?"