बांधावरची वाळलेली सावर

माझी शाळा चौथीतच सुटली. शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर ओळीवर राहत नाही. हे कधी कुणाच्या हाती पडलंच तर त्यानं तेवढं पोटात घालावं. पण सरांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सर आमचे घरमालक. कॉलेजात झाडापानांचा विषय शिकवून निवृत्त झालेले. आवाज असा, की उस्मानपुऱ्याच्या आमच्या गल्लीत भाजीवालासुद्धा त्यांच्यापुढं गप्प होई. पण अळंबी दिसली की हाच माणूस पाळण्यात मूल झोपलं असावं तसा कुजबुजू लागे.

आम्ही त्यांच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहायचो. आमचे हे वाळूजच्या कारखान्यात पाळीला जायचे. मी कुणाशी फारसं बोलत नसे. एका श्रावणात कन्नडजवळच्या माझ्या माहेराहून आईनं रानातली अळंबी पाठवली. थोडी काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, द्यायला गेले. सरांनी टोपली बघितली आणि ताटावरून उठलेच.

"कुठं उगवते ही? कशावर?"

"बांधावरच्या वाळलेल्या सावरीवर," मी कशीबशी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर, काकू आणि मी सकाळच्या एसटीत. तेव्हापासून सर मला कन्नडकर म्हणू लागले.

सावरीच्या बुंध्यावर पांढऱ्या पंख्यांचे थर होते. सरांनी आधी माझ्या आईला विचारलं, ही कधीपासून खाता? आई म्हणाली, "माझी सासू खायाची, तिची सासू बी." मगच त्यांनी हात लावला. "घरातल्या बायकांनी खाऊन पाहिलेलीच घ्यायची. बाकीची कितीही गोजिरी असो, नमस्कार करून पुढं जायचं." निम्मी त्यांनी झाडावरच ठेवली. सगळी खुडली तर बी कोण सांडणार, असं त्यांचं म्हणणं. पिशवीही चालत नसे. विरळ विणीची टोपलीच हवी, म्हणजे वाटभर बी गळत जातं.

माझा थोरला भाऊ, दादा, हे सगळं बघत उभा होता. "सर, ह्या सावरीचं लई कवतिक नका करू. पुढच्या बाजारी वखारवाला न्यायला येनार हाय."

सरांनी वखारीचा भाव विचारला आणि तेवढे पैसे तिथंच दादाच्या हातात दिले. "झाड आता माझं. उभं राहू द्या."

दादा हसला. "वाळलं लाकूड उभं ठिवायला पैसे देनारा मानूस पहिल्यांदाच बघतोय."

परतताना एसटीत सर टोपली मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. मग म्हणाले, "उभं ठेवलं तरी ते कुजणारच, कन्नडकर. आणि त्याच्याबरोबर हीसुद्धा जाईल. त्याआधी ही वाढवायला शिकलं पाहिजे."

मग काकूंच्या स्वयंपाकघरावर धाड पडली. अळंबीच्या देठाच्या आतला कोवळा तुकडा उकडलेल्या ज्वारीवर, काचेच्या बाटलीत ठेवायचा. बाटल्या आधी कुकरमध्ये वाफवायच्या. "या घरात वरण शिजलेलं पाहून महिना झाला," काकू म्हणायच्या. ज्वारीवर कापसासारखं पांढरं जाळं धरलं, तेव्हा सरांनी मला हातातल्या भांड्यासकट ओढत नेऊन दाखवलं. बाटली उजेडात धरून मी किती वेळ बघत राहिले.

ती ज्वारी उकडलेल्या भुशात मिसळून आम्ही पिशव्या भरल्या आणि परसातल्या शेडमध्ये टांगल्या. आठवड्यातच सगळ्या हिरव्यागार बुरशीनं भरल्या. शोधता शोधता कळलं, पिशव्या टांगायच्या आदल्या दिवशी काकूंनी शेड शेणानं सारवली होती.

"नवं कार्य म्हटलं की जमीन सारवतात, एवढं मला ठाऊक," काकू म्हणाल्या. "तुमच्या बुरशीचं सोवळं-ओवळं आधी सांगायचं होतं."

सर रागावतील असं वाटलं. ते खो खो हसले. "शेणात सगळं जग राहतं. आपण पान एकाचं मांडलं आणि आवतण गावाला दिलं."

पुढच्या पावसाळ्यात सावरीचा अर्धा बुंधा कोसळला. उरलेल्या अर्ध्यावरून आम्ही परत तुकडे आणले. या वेळी जमीन चुन्यानं धुतली, ओली पोती लावली, आणि काकूच दाराशी पहारा करू लागल्या. एका सकाळी मी पोत्यांवर पाणी मारायला गेले, तर पिशवीच्या भोकातून टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे घोस बाहेर आलेले. मी, जी गल्लीत मान वर करत नसे, ती अंगणातून "सर, सर" करत पळाले. सर एकाच पायात चप्पल घालून आले.

पहिला तोडा सर्वांनी खाल्ला. पण सरांचं समाधान होईना. "घरात आली म्हणजे रान सुटलं असं नाही. रानातही ती राहिली पाहिजे." बाटल्यांतली ज्वारी घेऊन आम्ही पुन्हा गावी गेलो. बांधावरच्या पडलेल्या आंब्याच्या ओंडक्याला दादानं गिरमिटानं भोकं पाडली, मी ती ज्वारीनं भरली आणि वर मेण लावलं. दादा म्हणाला, "लाकडाला बी औषध भरायलेत."

पुढं सरांचे गुडघे गेले. मुलीकडं, नाशिकला जायचं ठरलं. शेड त्यांनी माझ्यावर सोपवली. टेम्पो भरत होते, तेवढ्यात दादा आला. ओंडका पांढराफेक फुलला होता. त्यानं निम्मी तिथंच ठेवून निम्मी टोपलीतून आणली होती. टोपली काकूंना देऊन त्यानं बंडीच्या खिशातून नोटा काढल्या. सावरीचे सगळे पैसे.

"हे कशाला?" सर म्हणाले. "झाड मी घेतलं होतं."

"म्हनून तर आनलेत. आता बांधावरचं कुजकं लाकूड माझं हाय. तुमचं हाय म्हनून नगं, माझं हाय म्हनून मी त्याला कुनाचा हात लागू देनार नाय."

सरांनी पैसे घेतले. न मोजता, दोन्ही हातांनी.