यझ्दचा दारूखाना

"दारूखाने! दारूखाने!" म्हातारा माझा दंड धरून ओरडत होता. आवाज असा, की तो कोपर स्टेशनात उभा राहून ओरडला असता तर तीन स्टेशनं पलीकडच्या कळव्याच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या असत्या. इराणमधल्या यझ्द शहरातला एक मातीचा बोळ, भर दुपार, पाठीवर माझ्याहून जड सॅक, गळ्यात तुळशीची माळ, आणि मी त्याला मराठीतून सांगतोय, "काका, मी माळकरी आहे. आमच्या सात पिढ्यांत कोणी वाससुद्धा घेतलेला नाही." सात जरा वाढवून सांगितल्या. तीन नक्की.

शेजारी भिंतीला टेकून बायको बसली होती. तिला दमा आहे. सकाळपासून वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटला होता आणि तिचा पंप नेमका तेव्हाच संपला. जादाचा पंप आधीच्या गावातल्या खोलीवर राहिला होता. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, ओठ काळसर पडायला लागले होते. दुपारची सगळी दुकानं बंद, फोनला रेंज नाही, आणि मदतीला कोण, तर हा.

आम्ही निघालो तेव्हा सोसायटीवाल्यांनी आमची शोकसभा जवळपास उरकूनच घेतली होती. "इराणला? फिरायला? या वयात सॅक लावून?" तळमजल्यावरचे अण्णा म्हणाले, "आलात परत तर भेटू." बातम्यांत दिसतं तेवढाच तो देश आम्हा सगळ्यांना माहीत. प्रत्यक्षात तिथे एकच त्रास होता, लोक चहा पाजल्याशिवाय सोडत नव्हते. मी इतका चहा प्यायलो की मला घामसुद्धा चहाचाच येत होता. पण त्या बोळात मात्र अण्णांचं बोलणं आठवलं. ज्या देशात दारूला बंदी, तिथे हा मला गुत्त्यावर नेतोय, म्हणजे आम्हाला अडकवणारच. विठ्ठलाचाही राग आला. रोज तुझं नाव घेतो, आणि बायकोचा जीव चाललाय तेव्हा तुला पाठवायला हाच सापडला का रे?

मी माळ वर करून त्याला दाखवली. म्हटलं, आता तरी ऐकेल. त्याने खिशातून स्वतःची जपमाळ काढली, तिला ओठ लावले, माझ्या माळेला टेकवली, आणि पुन्हा दुप्पट जोरात, "दारूखाने!"

तेवढ्यात बायकोने माझी पँट ओढली. "अहो," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसती शिट्टी. मग, "दवा... दारू."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. आपण जन्मभर दवादारू म्हणतो, त्यातली दारू म्हणजे औषधच की. तो बिचारा औषधाच्या दुकानात चला म्हणून घसा फोडत होता.

मग आम्ही दोघांनी तिला दोन्हीकडून धरलं. दुकान वळणावरच होतं, पण शटर खाली. म्हाताऱ्याने त्यावर असे बुक्के मारले, की आतल्या गोळ्यांची पावडर झाली असेल. वरच्या मजल्यावरून दुकानदार तोंडात घास तसाच ठेवून धावत आला, त्याने बायकोकडे एकदा बघितलं, शटर वर केलं, आणि काही न विचारता पंप हलवून तिच्या हातात दिला. दुसऱ्या झुरक्याला तिची छाती मोकळी झाली. मी तिथेच फरशीवर बसलो आणि रडलो. हे मात्र वाढवून सांगत नाही.

हा चमत्कार होता असा माझा दावा नाही. तिच्याजवळ एका शब्दापुरता श्वास उरला होता आणि तो शब्द बरोबर निघाला, एवढंच मला माहीत आहे. शरण जायचं म्हणजे हात जोडून उभं राहायचं, असं मी समजत होतो. आता वाटतं, कोणी दंड धरून ओढत असेल तर आधी चार पावलं त्याच्याबरोबर चालून बघावं. मी तर पांडुरंगाशीही तिथे वादच घालत बसलो होतो, आणि त्याने तरीही माझा दंड सोडला नाही.

संध्याकाळी म्हाताऱ्याच्या घरी चहाला बसलो. तिथे फोन चालत होता. मी त्यावर मराठीत बोललो, फोनने त्याला त्याच्या भाषेत विचारलं, "तुम्हाला आमच्याकडे कोणी पाठवलं?"

त्याने साखरेचा खडा दातात धरला, चहाचा घोट घेतला आणि फोनमध्ये बोलला. फोन म्हणाला, "कोणी नाही. मी जेवायला घरी चाललो होतो."