मानेवरचा घाव

"फोड ते!" असं गिटारी बनवणारे चाचा स्वतःलाच सांगायचे आणि लगेच ऐकायचेही. नवी गिटार कानाशी धरून छेडायची, सूर मनासारखा निघाला नाही की ती दुकानाच्या पायरीवर ठेवून लाकूड तासायच्या तासणीनं घाव घालायचा. सांगलीत त्यांच्या भिंतीला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. प्रत्येक घावाला माझ्या काचा थरथरायच्या. तुमच्याही गल्लीत असा एखादा तापट असेल. पण तो माणसांवर नुसता ओरडत असेल. चाचा लाकडाचा खून करायचे.

त्यांची मुलगी समीना इंजिनिअर होऊन परतली आणि सुटे भाग मागवून तिनं टेबलाएवढं सीएनसी मशीन जोडलं. संगणकात आकार भरायचा, मशीन लाकूड कोरणार. उद्घाटनाला एक पुढारी आले. फेटा, शाल, नारळ, सगळं झालं. पुढाऱ्यांनी एका गिटारीच्या तारांवरून हात फिरवला आणि डोळे मिटून "वा!" म्हणाले. चाचांनी ती हिसकावली.

"सूर लागला न्हाई, आन् वा म्हन्ता? आवं, कान हायत का भोकं?"

पायरीवर घाव बसला आणि उडालेली ढलपी पुढाऱ्यांच्या फेट्यात रुतली. इतकं थोडक्यात आटपलेलं उद्घाटन मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढं साताऱ्याच्या एका संगीतशाळेनं बारा गिटारी मागितल्या. चाचांच्या हाताला तेव्हा कंप सुटला होता, पण ते कुणी बोलायचं नाही. समीनानं त्यांनी कोरलेली सगळ्यात सुबक मान, म्हणजे गिटारीची लांब दांडी, मशीनवर पालथी आवळली आणि सुईसारखी कांडी तिच्यावर जागोजाग टेकवत आकार संगणकात उतरवायला घेतला.

"माझा हात चोरतीस व्हय गं?"

"अब्बा, तुमचा हात अजून किती दिस पुरनार हाय?"

चाचांच्या हातातली हातोडी सुटली. समीनाच्या बोटांपासून इंचभरावर, त्या मानेवर आदळली. मी धावत गेलो तर ती स्वतःची बोटं मोजल्यासारखी बघत होती. चाचांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"दुसरी मान कोरनार न्हाई," म्हणाले आणि निघून गेले.

मान मोडली नव्हती, अंगठ्याएवढा खळगा पडला होता. समीनानं तीच मापून पुरी केली. मूळ कागदावरचा डाग नकलेवर उतरतो, हे मला झेरॉक्सवाल्याला नवं नव्हतं. तरी विचारलं, "संगणकात पुसता येत नाही का?"

"येतो. पुसनार न्हाई."

चाचा दुकानात फिरकले ते पहिली गिटार तयार झाल्यावर, महिन्याभरानं. छेडली. तोंड वाकडं झालं.

"फोड ते!"

तासणी उचलली. दुसऱ्या हातात मान होती, आणि अंगठा नेमका खळग्यात बसला. पुढंमागं फिरला. पुन्हा तिथंच आला. चाचांनी तासणी खाली ठेवली.

"बोटं दाखव," समीनाला म्हणाले.

तिनं दहाही पसरली. ती हातात घेऊन ते किती तरी वेळ उभे होते. मी माझ्या दुकानात परतलो. काही गोष्टी शेजाऱ्यानं बघू नयेत.

बाराच्या बारा साताऱ्याला गेल्या. पायरीवर पुन्हा घाव पडला नाही.

चाचा आता नाहीत. मशीन दिवसभर करकरतं, तासणी भिंतीवरच्या खिळ्याला आहे. परवा एक गिऱ्हाईक मानेवरून अंगठा फिरवत म्हणालं, "मॅडम, हितं खड्डा हाय. पीस खराब दिसतोय."

समीनानं शांतपणे तासणी खाली काढली.

"फोडू?"

त्यानं गिटार दोन्ही हातांनी छातीशी आवळली. अंगठा खळग्यातच होता.