शंभर टक्क्यांवर गौरी

"शंभर टक्क्यांवर उघडा, मग सांगा फोटो चांगला का वाईट," असं वाल्मिक एकदा सुधाकर सरांना म्हणाला होता. सरांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि मुकाट्याने फोटो उघडला. खानवेलच्या वाटेवरच्या सागाचं एक पान. मोठं करत गेले तशी पानाची एकेक शीर दिसायला लागली, मग शिरेवरची धूळ, आणि शेवटी पान कुठे गेलं तेच कळेना. वाल्मिक खूश झाला. मिनिटभरच. मग त्याला डाव्या कोपऱ्यात काहीतरी मऊ, पुसट पडल्यासारखं वाटलं आणि तो उठून येरझाऱ्या घालू लागला.

साक्रीकडून तो सिल्वासाला आला त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून गलोंड्याच्या एका कारखान्यात तयार सूत तपासायचं काम. जांभळ्या दिव्याखाली सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेली निमुळती रिळं, रांगेने येतात. एकेक हातात घ्यायचा, फिरवायचा. कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग, कुठे रंग किंचित वेगळा. सापडलं की लाल पेन्सिलने तिथे गोल करायचा आणि कोन सेकंडच्या, म्हणजे कमअस्सल मालाच्या ट्रॉलीत. चांगल्या कोनावर काही लिहायचं नसतं, त्यामुळे चांगला कोन नीट पाहिल्याचं त्याला आठवत नसे. डोळ्याला हीच सवय लागली. लग्नाला गेला तर नवरीच्या शालूवरचा निसटलेला टाका त्याला आधी दिसायचा, नवरी नंतर, किंवा दिसायचीच नाही.

रविवारी फोटो काढायला जाणाऱ्या मंडळींत तो सुधाकर सरांमुळे आला. सर मूळचे कोकणातले, इथल्या शाळेत शिकवायचे. वाल्मिककडे आधी मोबाइल, मग एक साधा कॅमेरा, आणि गेल्या वर्षी मोटरसायकल विकून त्याने वापीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना फुल फ्रेम कॅमेरा घेतला. आतली, फोटो उमटतो ती काच मोठी. म्हणून बारीकसारीक सगळं उतरतं, असं तो ज्याला त्याला सांगायचा. कारखान्यातल्या खोक्यांमधल्या ओल शोषणाऱ्या पुड्या आणून त्याने कॅमेऱ्यासाठी हवाबंद डबा केला. पापड मऊ पडले तरी त्यातली एक पुडी घरात कुणाला मिळत नसे. आम्ही सादळलो तरी चालेल, असं त्याची बायको लीला म्हणायची.

कॅमेरा आला आणि स्वस्थता म्हणून जी काही होती ती गेली. जेवता जेवता उठायचा, डाव्या हाताने लॅपटॉप उघडायचा, काल बघितलेलाच फोटो पुन्हा मोठा करून बघायचा. काय शोधतोय ते त्याला सांगता आलं नसतं. शोधायचं थांबलं की हात रिकामे पडत, एवढंच.

गौरी त्याची एकुलती एक. चोविशीची, नरोलीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी. लहानपणीच्या कांजिण्यांनी गालावर खड्डे ठेवले होते, भुवईवर पडल्याची खूण होती. शाळेपासून प्रत्येक फोटोत ती मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. शिरपूरकडच्या स्थळाने बायोडाटाबरोबर फोटो मागितला तेव्हा लीलाने स्टुडिओचं नाव काढलं, पण गौरी म्हणाली, "पप्पांनीच काढायचा. दुसऱ्या कुणासमोर मला बसवत नाही."

हे ऐकून वाल्मिक दोन दिवस कामावर कमी बोलला. म्हणजे त्याला बरं वाटलं होतं.

टोकरखाड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सकाळी आठला लीला पांढरी चादर धरून उभी राहिली. वाऱ्याने चादर तिच्याच तोंडावर आली आणि गौरी हसली. त्या क्षणी खटका दाबला गेला. फोटो सुंदर आला होता. लीला म्हणाली तसं, गौरीही म्हणाली, आणि तिने स्वतःचा फोटो असा दोनदा पाहिल्याचं आईला आठवत नव्हतं.

ती ऑफिसला गेल्यावर वाल्मिकने तो मोठा केला. उजवा डोळा लख्ख, पापणीचा केस न् केस मोजता येईल असा. डावा डोळा किंचित मऊ. फोकस चुकला, की लेन्सच खराब? हा प्रश्न त्याला बसू देईना. मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारावं म्हणून तो मोबाइलवर घेऊन त्याने फोटोवर बोटाने लाल गोल काढले. सगळं किती स्वच्छ उतरलंय ते दाखवायला गालावरच्या तीन खड्ड्यांभोवती, भुवईच्या खुणेभोवती, ओठावरच्या लवेभोवती. आणि शेवटचा डाव्या डोळ्याभोवती. खाली लिहिलं, 'इथपर्यंत सगळं दिसतंय, मग इथे का नाही? लेन्स सेकंड निघाली का?' हात इतका सरावाने चालला की मध्ये विचार यायला जागाच नव्हती. ग्रुपवरच्या तेवीस जणांनी लेन्सवर गंभीर चर्चा केली. सरांनीसुद्धा.

संध्याकाळी स्थळाला फोटो पाठवायला गौरीने त्याचा मोबाइल घेतला. तिला आधी गोल काढलेलाच फोटो दिसला.

"हे गोल कसले आहेत, पप्पा?"

तो उत्साहाने तिच्याजवळ सरकला आणि समजावू लागला. हे डाग दाखवायला नाहीत, हा पुरावा आहे, लेन्सचा. खड्डे इतके साफ आलेत म्हणजे फोकस गालावर बरोबर आहे, मग डोळा का गेला. तो बोलतच राहिला. पोळी लाटता लाटता लीला थांबली, बाहेर आली, तिने फोटो पाहिला. रागावली की ती अहिराणीवर येत असे.

"आंडेर शे ती तुमनी, पोटनी पोर," ती म्हणाली. "सूतना कोन नही."

तेव्हा कुठे त्याचं बोट पडद्यावरून उचललं गेलं. फोटो त्याने ग्रुपवरून काढून टाकला, पण ज्यांनी बघायचा त्यांनी तो बघितला होता. गौरी रडली नाही, भांडली नाही. उद्या किलवणी नाक्यावरच्या स्टुडिओत जाते म्हणाली. दाराशी वळून म्हणाली, तुम्ही पण चला.

स्टुडिओवाल्या नथूभाईंनी दोन मिनिटांत फोटो काढला आणि 'बेन, हवे जुओ', आता बघाच, म्हणत कॉम्प्युटरवर बसले. माउस गालावरून फिरला, खड्डे गेले. भुवईवरून फिरला, खूण गेली. ती खूण वाल्मिकच्या सायकलवरून पडल्याची होती; टाके घालताना त्यानेच तिचं डोकं धरलं होतं. तो मागे उभा राहून बघत होता, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. सारखं वाटत होतं, काहीतरी म्हणावं.

नथूभाई बाजूला झाले. गौरी स्टुलावरून वळली. पडद्याकडे तिने पाहिलंच नाही, त्याच्याकडे पाहिलं.

"पप्पा, आता सांगा. चांगली दिसते ना मी?"

तिने फोटो कसा आहे असं विचारलं नव्हतं, हे त्याला कळलं. हो म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम. त्यासाठी आधी तिच्याकडे बघायला हवं म्हणून त्याने बघितलं, आणि ट्यूबलाइटखाली नजर आधी गालावर गेली, मग भुवईवर, मग ओठावर. गेलेली नजर गौरीने पाहिली. तो एक पाऊल मागे सरला, सगळी गौरी एकदम दिसावी म्हणून. मान तिरकी केली. पुन्हा गालावर.

नथूभाईंनी विचारलं, प्रिंट काढू का? गौरी अजून उत्तराची वाट बघत होती, आणि तो काय उत्तर देईल ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटायला लागलं होतं. वाल्मिकने काचेचं दार ढकललं आणि तो बाहेर पडला.