शिर्डी ते हैदराबाद

मी अजून शिकतो आहे आणि नावही न विचारलेल्या माणसाबद्दल लिहितो आहे; चुकलं तर माफ करा.

शिर्डीकडच्या बेलापूरच्या एसटी स्टँडवर एका आजोबांनी विचारलं, “पोरा, शिर्डीहून हैदराबादला विमान किती वेळात जातं? माझी नात नर्स झालीय, तिकडं नोकरीला निघालीय. आत्ताच बसली, उतरली की फोन करंल.”

मोबाईलवर बघून मी सांगितलं, “पाचशे किलोमीटर, दीड तास.”

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर धरलं. वाटेत रेंज जाते म्हणून शेवगावची एसटीही सोडली. दोन तास उलटले.

“तुझा मोबाईल खोटं बोलतो व्हय रं?” ते हसले, पण पुन्हा घड्याळात बघू लागले. मी तरी कुठं विमानात बसलो होतो?

“तू जा, कालेज बुडंल.”

मी हललो नाही.

शेवटी फोन वाजला. तो त्यांनी माझ्याही कानाजवळ धरला.

“पोचले, आबा. बॅगच लवकर येईना.”